तो फोटो हॉटेलचा नाही

न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चचा फोटो सध्या अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. उंच रंगीत काचांच्या खिडक्या, खाली टेबलं मांडलेली आणि जेवायला बसलेली माणसं. सोबत मजकूर असा: "भाविकच उरले नाहीत, म्हणून चर्च विकलं. आता तिथे हॉटेल चालतं."

हे खरं नाही. मॅनहॅटनमधलं होली अपॉसल्स हे एपिस्कोपल (ख्रिस्ती धर्मातला एक पंथ) चर्च आहे ते. विकलेलं नाही, रविवारची उपासनाही तिथेच होते. जेवणारी माणसं गिऱ्हाइकं नव्हेत. 1982 पासून हे चर्च गरजूंसाठी अन्नछत्र चालवतंय. जेवण फुकट. ओळखपत्र मागत नाहीत, धर्म विचारत नाहीत, आधी प्रार्थनेलाही बसवत नाहीत. मी तिथे वाढायला गेले आहे, म्हणून खात्रीने सांगते.

मग चर्चमध्ये उपासनेला बसायचे बाक असतात, ते फोटोत गेले कुठे? हा प्रश्न रास्त आहे. 1990 मध्ये चर्चला मोठी आग लागली, छताचं फार नुकसान झालं. तरी दुसऱ्या दिवशी जेवण वाढलं गेलंच. दुरुस्तीनंतर बाक मुद्दाम परत बसवले नाहीत, म्हणजे मोकळ्या जागेत पंगत बसवता येईल. मला या निर्णयाचं फार अप्रूप वाटतं. पुढे कित्येक वर्षं शुक्रवारी संध्याकाळी एक ज्यू मंडळीही इथेच प्रार्थनेला जमत असे.

कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका. टाकला असेल तर काढून टाका. आणि तिकडे आपलं कुणी अडचणीत असेल, नोकरी गेलेली असेल, तर त्यांना पत्ता जरूर कळवा: नाइन्थ ॲव्हेन्यू आणि अठ्ठाविसाव्या रस्त्याचा कोपरा.