काटा हिरव्यात

माझ्या नोकरीचं नाव फॅसिलिटी मॅनेजर. ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या एका चौदा मजली सोसायटीत बसतो. गावाकडे आई सांगते, "इमारत सांभाळतो." त्यावर मागच्या दिवाळीत मामांनी काळजीने विचारलं, "रात्रपाळी असते का रे?"

वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, माझी परीक्षा असते. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे लायसन्सवाल्या एजन्सीने इमारतीतली यंत्रणा तपासून ती चालू असल्याचा दाखला, म्हणजे 'फॉर्म बी', द्यायचा आणि तो अग्निशमन दलाकडे पोचवायचा. जानेवारीचं कसंबसं निभतं. जुलै घात करतो. यंदा चौदाही मजल्यांचे आग विझवायचे सिलिंडर भरून आणायला नेलेला माणूस "पाऊस थांबला की आणतो साहेब" म्हणाला. ठाण्यातला जुलैचा पाऊस! त्याच्या बदल्यात पाच सिलिंडर ठेवून गेला होता तेवढे हातात, आणि ऑडिट दुसऱ्या दिवशी.

आमच्या शाळेत साहेब तपासणीला आले की गुरुजी दोन हुशार पोरांना या वर्गातून त्या वर्गात फिरवायचे. तीच विद्या कामी आली. ऑडिटरसाहेब लिफ्टने वर जाणार आणि जिन्याने तपासत उतरणार. चौदा ते दहावर पाच सिलिंडर. त्यांनी चौदावा सोडला की तिथला उचलायचा, लिफ्टने थेट नवव्यावर. तेराव्यावरचा आठव्यावर. असं करत खालपर्यंत. हाउसकीपिंगच्या दोन पोरांना कागदावर काढून दिलं. त्यातला एक म्हणाला, "सर, एवढ्यात टेम्पो करून दुकानातूनच आणले असते की." मी दुर्लक्ष केलं. मॅनेजर मी आहे.

ऑडिटरसाहेब बारीक, शांत, शर्टाच्या खिशात टॉर्च. चौदाव्यावर त्यांनी सिलिंडरची पिन पाहिली, सील पाहिलं, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहिलं, आणि टिकमार्क केली. अकराव्यापर्यंत सगळं सुरळीत. तिथे त्यांनी होज बॉक्स उघडला आणि आतून चार कांदे त्यांच्या बुटावर पडले.

समोरच्या दारातून काकू आल्या. अजिबात न गडबडता म्हणाल्या, "अहो, चातुर्मास लागला ना. घरात कांदा ठेवत नाही मी."

"काकू, इथे आगीचा पाइप असतो."

"आहे की! मागे आहे. त्याला हातसुद्धा लावलेला नाही." खरंच नव्हता लावला. पाइपाच्या वेटोळ्यात लसणाच्या दोन माळा मात्र व्यवस्थित टांगल्या होत्या. ऑडिटरसाहेबांनी कांदे स्वतः उचलून काकूंच्या हातात दिले आणि वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

आठव्यावर रेफ्युज एरिया, म्हणजे आग लागली तर लोकांनी येऊन थांबायची मोकळी जागा. मोकळी ती वास्तुविशारदाच्या नकाशावर. प्रत्यक्षात तिथे गेल्या गणपतीचं मखर, एका पायाने गेलेलं टेबल आणि तीन लहान सायकली आधीच थांबलेल्या होत्या. त्यावर मी काही बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही. फक्त पेन चाललं.

चौथ्या मजल्यावर ते सिलिंडरसमोर थबकले. पिन पाहिली नाही, सील पाहिलं नाही, काटा पाहिला नाही; नुसतं बघत राहिले. मग त्याच्या पोटावरच्या पोच्यावर हळूच बोट फिरवलं.

"याला मी चौदाव्यावर भेटलोय," ते म्हणाले. "नवव्यावर पुन्हा भेटलो. आता ही तिसरी भेट."

जिन्याच्या दाराआड पोराच्या धापा ऐकू येत होत्या. सहा किलो पावडरचा सिलिंडर उचलायला नऊ-दहा किलो भरतो, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी लिफ्ट अडवल्यामुळे शेवटचे मजले त्याने पायी काढले होते.

"काटा हिरव्यात आहे ना पण, साहेब," मी म्हणालो. माणूस बुडताना काहीही बोलतो.

पार्किंगमध्ये चेअरमनसाहेब सामील झाले. त्यांना ऑडिटरकडून एकच गोष्ट वदवून घ्यायची होती: आमची गळती. पाइपातला दाब उतरला की आपोआप सुरू होऊन तो भरून काढणारा जो छोटा पंप, जॉकी, तो गेले दोन महिने रोज सकाळी अर्धा तास चालू-बंद, चालू-बंद करायचा. पाणी जातंय कुठे? दोन प्लंबर झाले, बागेत चर खणून झाला, तगरीची तीन झाडं गेली. सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनसाहेब रोज सुप्रभातच्या फुलाखाली लिहायचे, 'मॅनेजर, गळतीचे काय झाले?'

"आज सकाळपासून एकदाही चालला नाही," पंपवाले मामा म्हणाले. "पाऊस होता ना."

"पावसाचा काय संबंध?" चेअरमनसाहेब कडाडले. आणि तेवढ्यात पंपरूममधून जॉकीचा खडखडाट सुरू झाला.

ऑडिटरसाहेबांनी टॉर्च काढला. भिंतीवरच्या होज रीलचं दार उघडं होतं. लाल नळी तिथून निघून खांबाला वळसा घालून गेली होती. आम्ही तिघेही एकामागून एक तिच्या मागे निघालो. खांबामागे गाडी धुणारा मुलगा, कानात गाणी, हातात नळीचं टोक, बारीक धार. गाडीच्या टपावर साबणाचा फेस. पावसामुळे आज त्याला यायला उशीर झाला होता.

गाडी पांढरी होती. नंबर मला पाठ आहे, कारण तिची पार्किंगची जागा रिकामी राहते की नाही हे रोज बघायचं कामही माझंच.

चेअरमनसाहेब बराच वेळ फेसाकडे बघत होते. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे... हे सगळं लिहायलाच पाहिजे का साहेब?"

ऑडिटरसाहेबांनी वही उघडली, आणि आम्हाला दिसेल अशी धरून, सावकाश लिहिलं: 'पार्किंगमधील होज रील: चालू स्थितीत. नियमित वापरात. दाब उत्तम.'