इंदूरचा फोटो म्हणजे नुसता लग्नाचा अल्बम?

‘इंदूरकरांना फोटो म्हणजे लग्नाचा अल्बम, कला म्हणून त्याकडे बघायची सवय आता ही ना-नफा संस्था लावणार’ हे इंदूरच्या फोटोग्राफी संस्थेवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. अहो, नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ इथल्याच बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला, तो इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या प्रोत्साहनाने. पुढचे महाराज यशवंतराव आणि महाराणी संयोगिताराजेंचे फोटो तर फ्रान्समध्ये खुद्द मॅन रे या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराने काढलेत. सवय जुनी आहे, मोडली मधल्या काळात.

बाकी संस्थेचं काम चांगलंच. पण लेखात प्रिंटबद्दल अवाक्षर नाही! रामबागेतल्या आमच्या घरी बाबांची डार्करूम म्हणजे न्हाणीघर. दाराखाली गोधडी कोंबायची, लाल दिवा लावायचा आणि ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आजीचं नाक आधी उमटतं की कुंकू, हे श्वास रोखून बघायचं. आई बाहेरून ओरडायची, ‘अहो, आंघोळी व्हायच्यात अजून!’ एका निगेटिव्हचे पाच-सहा प्रिंट केल्यावर बाबांच्या मनासारखी सावली पडायची. मोबाइलवर बोट फिरवून ती नजर कशी येणार? बाबांचा एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायचं यंत्र, अजून माळ्यावर आहे. संस्थेला हवा असेल तर खुशाल घेऊन जावा.