वर एक वाटी

गिरगावातल्या आमच्या चाळीत दुपारी दोनच्या सुमाराला बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं बोचकं. आई बाबांची जुनी पँट काढून द्यायची. बोहारीण ती उजेडाकडे धरायची, बसायच्या जागी बोट दाबून बघायची आणि बोट आरपार गेलं नाही तरी गेल्यासारखा चेहरा करायची. "बाई, घासलीय." मग अर्धा तास घासाघीस. दोन पँटी आणि एक नायलॉनची साडी यांच्या बदल्यात स्टीलचा डबा असा तह झाला, की आई उंबऱ्यातून म्हणायची, "आणि वर एक वाटी." ती वाटी मिळेपर्यंत बोहारणीला जिना उतरता येत नसे.

हे सगळं आठवलं ते मध्यंतरी एका रात्री साडेअकराला, मुलुंडच्या फ्लॅटमध्ये, लॅपटॉपसमोर. मी नको असलेलं गिफ्ट कार्ड विकायला बसलो होतो.

नको असलेल्या भेटवस्तूचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे पूर्वी नव्हता. लेमन सेट, भिंतीवरची घड्याळं, ताटाएवढी गणपतीची फ्रेम, सगळं कपाटाच्या वरच्या कप्प्यात जायचं आणि पुढच्या लग्नाला नवा कागद गुंडाळून बाहेर पडायचं. आमच्या नात्यात एक मोरपंखी ब्लाउजपीस आहे. तो आजवर निदान सहा जणींच्या ओट्या भरून दोनदा आमच्याकडे परत आलाय. घडी मोडलेली नाही. पण त्या ब्लाउजपीसवर 'अमुक तारखेपर्यंत वैध' असं छापलेलं नाही. तो शिवायचा झाला तर ओटीपी मागत नाही.

गेल्या वर्षी लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आणि त्याच सुमाराला दिवाळी. दोन महिन्यांत घरात तीन गिफ्ट कार्डं आली. एक ऑफिसचं. पूर्वी काजूकतलीचा डबा मिळायचा, आता ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानाचं दोन हजारांचं कार्ड. माझे गुडघे मुलुंड स्टेशनचा पूल चढताना ऐकू येतात. पण साहेबांच्या प्रेमालाही नियम असतात. मालकाकडून वर्षाला पाच हजारांच्या आत मिळालेली भेट इन्कम टॅक्सवाले कित्येक वर्षं करमुक्त धरत आले, त्यामुळे आमच्यावरचा जिव्हाळा त्या आकड्याच्या अलीकडेच थांबायचा. दुसरं कार्ड तान्ह्या बाळांच्या कपड्यांचं. ते देणाऱ्या काकूंनी आमचा कितवा समारंभ आहे याची नीट चौकशी केली नसावी. तिसरं सांगलीच्या मेहुण्याचं, तीन हजारांचं, स्पाचं. "दाजी, ताईला घेऊन जावा. अंग मोकळं हुतंय."

बाळांच्या कार्डाचा प्रश्न नव्हता. शेजारच्या सुनेला सातवा महिना होता. ट्रेकिंगच्या कार्डाचा मात्र मीच घात केला. सोळा आकडी नंबर उघड्यावर होता, सहा आकडी पिन चंदेरी पट्टीखाली. ती हलक्या हाताने खरवडायची असते. मी किल्लीने खरवडली. पट्टीबरोबर शेवटचा आकडाही अर्धा गेला. मी म्हणालो तीन, बायको म्हणाली आठ, मुलीने मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाच असल्याचा निर्वाळा दिला. तिघांचंही एकेकदा ऐकलं आणि कार्ड लॉक झालं. कस्टमर केअरवाल्याने कार्ड खरेदीची पावती मागितली. आता ऑफिसात जाऊन, "साहेब, दिवाळीच्या भेटीची पावती देता का?" असं कसं विचारणार? कार्डाची मुदत मार्चअखेर संपली. हल्ली ओट्यावर चिकटलेली कणीक खरवडायला ते फार छान चालतं. कड अजून शाबूत आहे.

राहिलं स्पाचं. बायकोने फोन करून विचारलं तेव्हा कळलं, की तीन हजारांत एकाचंच अंग मोकळं होतं आणि तेही सोमवार ते गुरुवार, अकरा ते चार. त्या वेळात आम्ही दोघंही आपापल्या ऑफिसात अंग आखडून बसलेले असतो.

"विकून टाका ना ऑनलाइन," मुलगी म्हणाली. "अशा साइट असतात. नको असलेलं कार्ड त्यांना द्यायचं, ते पैसे देतात, मग तेच कार्ड स्वस्तात दुसऱ्याला विकतात."

"म्हणजे बोहारीण," बायको म्हणाली.

साइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सत्तर टक्क्यांपर्यंत किंमत मिळवा'. मराठी माणसाने 'पर्यंत' या शब्दापाशी थांबायला शिकलं पाहिजे. साड्यांच्या सेलमध्येही 'पन्नास टक्क्यांपर्यंत' असतं आणि ते पन्नास टक्के दुकानात कुठल्या तरी एका जांभळ्या साडीवर असतात. मी कार्डाचा प्रकार भरला, रक्कम भरली. एक चक्र फिरलं आणि पंचावन्न टक्के उमटले. खाली बारीक टीप: या कार्डाला सध्या मागणी कमी आहे. पँट घासलीय, बाई.

मी हुज्जत घालायला गेलो. कोपऱ्यात चॅटची खिडकी होती. लिहिलं, "मुदत अजून सात महिने आहे, कार्ड कोरं आहे, निदान साठ तरी करा." उत्तर आलं, "आपल्याशी बोलून आनंद झाला. आपली अडचण पेमेंटबद्दल आहे की पासवर्डबद्दल?" आईने या खिडकीपुढे काय केलं असतं, देव जाणे. मग पॅन कार्डाचा फोटो मागितला, माझा स्वतःचा फोटो मागितला, तोही डोळे मिचकावून. बाबांच्या पँटीसाठी बोहारणीने कधी आईला डोळे मिचकावायला लावले नव्हते.

सोसायटीत रिझर्व्ह बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. लिफ्टमध्ये त्यांना सहज विचारलं, की कार्डाचे सरळ रोख पैसे का देत नाहीत हो हे लोक? लिफ्ट सातव्या मजल्यावर पोहोचली तरी ते दारात पाय घालून उभे. बँका आणि वॉलेटवाल्यांच्या गिफ्ट कार्डांना 2021 च्या नियमांत कमाल दहा हजारांची मर्यादा आहे, ती पुन्हा भरता येत नाहीत, त्यातून रोख काढता येत नाही, मुदत मात्र किमान एक वर्ष द्यावीच लागते. "आणि एकाच दुकानात चालणारं कार्ड असेल तर ते यात येतच नाही. ते दुकानदाराचं आणि तुमचं आपसातलं." मी म्हणालो, अमेरिकेतला माझा भाचा सांगतो, तिकडे 2009 साली कायदाच झाला, की कार्डातले पैसे पाच वर्षं तरी मरू द्यायचे नाहीत. गृहस्थांनी पाय काढून घेतला. "मग भाच्याला विकायला सांगा," म्हणाले.

खरा खोळंबा पुढेच होता. विक्रीआधी कार्डातली शिल्लक तपासायची. त्यासाठी ओटीपी. आणि तो कार्ड विकत घेणाऱ्याच्या मोबाइलवर जातो. म्हणजे सांगलीला. बटण दाबल्यावर हे माझ्या लक्षात आलं, आणि तेवढ्यात फोन वाजलाच.

"दाजी, एक ओटीपी आलाय. तुम्ही मागिवलाय?"

"हो, हो. सांग पटकन. दहाच मिनिटं चालतो."

"कशाला लागतोय?"

"शिल्लक बघायला."

"शिल्लक काय बघायची? तीन हजार हाईत की. मीच भरल्यात."

मी गप्प. त्याचाही आवाज बदलला. "दाजी, राग मानू नका. पण तुम्ही दाजीच बोलताय कशावरनं? परवा आमच्या गल्लीत एका मास्तरास्नी साहेबांच्या नावानं मेसेज आला. मीटिंगमध्ये हाय, तातडीनं गिफ्ट कार्डं घ्या आन् नंबर पाठवा. मास्तरांनी पाठिवले. साहेब बिचारे घरी झोपल्याले. मग सायबर फसवणुकीच्या 1930 नंबराला फोन, पोलीस, सगळं. सरकार येवढं ओरडून सांगतंय, ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून."

"अरे, मीच आहे."

"मग सांगा, कानपिळीला मला काय दिलं होतं?"

पंचवीस वर्षांपूर्वीचा मांडव. त्याने माझा कान खरोखरच पिळला होता, एवढं आठवत होतं. "पँटपीस," मी म्हणालो.

"शर्टपीस. पँटपीस कबूल केला होता." इथे तो थोडा वेळ थांबला. "बरं, दाजीच हाय म्हणायचं. घ्या, चार, सात..."

ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवला. तोवर मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "स्पा आवडला नाही का हो त्यांना?" या प्रश्नाला पंचावन्न टक्क्यांत बसेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

शेवटी शिल्लक तपासली गेली. साइटने दोन पर्याय दिले. बँकेत पैसे हवे असतील तर सोळाशे पन्नास, आणि तेही पंधरा दिवसांनी, विकत घेणाऱ्याने कार्ड वापरून बघितल्यावर. काही विक्रेते नंबर लिहून ठेवतात आणि विकलेलं कार्ड आपणच आधी वापरून मोकळे होतात, म्हणून ही खबरदारी. किंवा लगेच एकोणीसशे ऐंशी, पण दुसऱ्या गिफ्ट कार्डाच्या रूपात.

इथे आमची अक्कल चरायला गेली. "तीनशे तीस जास्त मिळतायत ना? मग घ्या," बायको म्हणाली. मला ती वरची वाटी वाटली. अशा रीतीने स्पाचं कार्ड देऊन आम्ही चपलांच्या दुकानाचं कार्ड घेतलं.

चव गेली नव्हती म्हणून त्याच भरात स्वस्तातलं एक कार्ड विकतही घेतलं. किराण्याचं, हजाराचं, नऊशे तीसला. मॉलच्या तळघरातलं दुकान, रविवारची संध्याकाळ. बिल झालं नऊशे त्रेसष्ट. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "उरलेले सदतीस रुपये परत मिळणार नाहीत, काका. कार्ड एकदाच चालतं." बायको "आलेच" म्हणून आत गेली. तळघरात रेंज नव्हती, म्हणून काउंटरवरची मुलगी माझा मोबाइल हातात उंच धरून रांगेच्या टोकापर्यंत फिरून आली. "सर, गिफ्ट कार्ड आलंय!" असं तिने आत ओरडून सांगितल्यावर गळ्यात किल्ली घातलेला सुपरवायझर आला. मागच्या माणसाने टोपलीतलं आइस्क्रीम गालाला लावून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. बायको परतली ती चिंचेच्या गोळ्यांची बाटली आणि फरशी पुसायचं फडकं घेऊन. बिल एक हजार अठ्ठ्याण्णव. वरचे अठ्ठ्याण्णव रोख दिले. वाचवलेले सत्तर रुपये वजा जाता अठ्ठावीस, वर मागच्या माणसाचे शिव्याशाप.

चपलांचं कार्ड घेऊन मी दोनदा गेलो. पहिल्यांदा सिस्टिम बंद, दुसऱ्यांदा सेल. सेलच्या मालावर कार्ड चालत नव्हतं, आणि सेलबाहेरच्या चपला बघून मला माझ्या जुन्या चपलांविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

मेमध्ये सांगलीला मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. निघायच्या आदल्या रात्री बायको चपलांचं कार्ड हातात घेऊन विचार करत बसलेली. एकोणीसशे ऐंशी हा काही आहेराचा आकडा नव्हे. मग तिने पाकिटात दहाच्या दोन नोटा घातल्या, वर रुपयाचं नाणं चिकटवलं. दोन हजार एक. पाकिटावर हळदकुंकू लावल्यावर कार्डाला अगदी घरंदाज कळा आली.

वास्तुशांत छान झाली. पुरणपोळ्या झाल्या. मेहुण्याने पाकीट कपाळाला लावून खिशात टाकलं.

त्यानंतरच्या मंगळवारी रात्री जेवताना माझा मोबाइल वाजला. मेसेज होता: आपल्या कार्डाची शिल्लक तपासण्यासाठीचा ओटीपी. पाठोपाठ सांगलीचा फोन. मी उष्ट्या हाताने मोबाइल बायकोला दाखवला. तिने मेसेज नीट वाचला, घड्याळाकडे पाहिलं आणि मला भात वाढला.

"दहा मिनिटं चालतो ना? मग नवव्या मिनिटाला उचला."