‘दुसऱ्यांच्या डॉटफाइल्स मोजून काय कळतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गिटहबवर (कोड ठेवण्याची साइट) लोकांनी जाहीर टाकलेल्या डॉटफाइल्समध्ये, म्हणजे शेल (कमांड टाइप करण्याचा प्रोग्राम) आणि एडिटरच्या सेटिंग्जच्या फायलींत, कोणत्या ओळी किती येतात ते मी एका लेखात मोजलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: लोकांच्या या फायली मी न विचारता चाळल्या, अशा फायली जाहीर टाकणारे मुळात हौशी, फाइलीत ओळ आहे म्हणून ती वापरात असते असं नाही, आणि आकडे खरे असतील तर मूळ डेटा द्या.

हौशी असतात, यात वादच नाही. बँकेचे सर्व्हर सांभाळणारा माणूस आपली बॅशआरसी (बॅश या शेलची सेटिंग्जची फाइल) जगाला दाखवत बसत नाही. म्हणूनच लेखात ‘प्रोग्रामर’ नाही, ‘डॉटफाइल्स टाकणारे’ असं लिहिलंय.

वापराचा मुद्दा मात्र खरा चघळण्यासारखा आहे. उबुंटूत (लिनक्सचा एक प्रकार) नवा यूजर काढला की एक तयार बॅशआरसी त्याच्या होम फोल्डरमध्ये येऊन पडते. तिच्यात ‘एलएल’, ‘एलए’ आणि नुसता ‘एल’ हे तीन अ‍ॅलियस आयतेच असतात (अ‍ॅलियस म्हणजे कमांडला दिलेलं आखूड टोपणनाव), हिस्टरीसाठी, म्हणजे टाइप केलेल्या कमांडच्या नोंदीसाठी, १००० आणि २००० हे आकडेही. डोळे मिटून मोजलं तर ‘एलएल’ वरती येणारच. त्यातल्या कितींनी तो कधी टाइप केला, देव जाणे. त्यामुळे या आयत्या ओळी मी आधी वजा केल्या आणि मगच मोजायला घेतलं.

उलटंही होतं. झेडशेल या शेलसाठी ओह-माय-झेडशेल हा तयार सेटिंग्जचा संच आहे. त्याचं गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) प्लगइन लावलं की ‘जीएसटी’ (कर नव्हे, गिट स्टेटस) आणि ‘जीसीओ’सारखे ढीगभर अ‍ॅलियस मिळतात, पण यूजरच्या फाइलीत प्लगइनच्या यादीतला ‘गिट’ हा एवढाच शब्द दिसतो. माणूस दिवसभर जीएसटी बडवत असेल, माझ्या मोजणीत तो शून्य.

विम या एडिटरची ‘सेट नोकंपॅटिबल’ (जुन्या व्हीआय एडिटरसारखं वागू नकोस) ही ओळ घ्या. होममध्ये विमआरसी (विमची सेटिंग्जची फाइल) सापडली की विम ते काम आपणहून करतं. तरीही फाइलीमागून फाइलीत ती पहिल्याच जागी बसलेली, कारण जिथून फाइल उचलली तिथे ती होती. म्हणजे या मोजणीतून कोण काय वापरतं यापेक्षा कोणत्या ओळी हातोहात फिरतात ते कळतं. मला त्यातच रस आहे.

हाताने लिहिलेल्या ओळीही सापडतात. ‘एलएस’ (फायलींची यादी दाखवणारी कमांड) याऐवजी ‘एसएल’, ‘गिट’ऐवजी ‘जीटीआय’ अशा टायपोंचे अ‍ॅलियस. किंवा स्पेस न देता लिहिलेलं ‘सीडी..’ (वरच्या फोल्डरात जाण्याची कमांड), जे डॉस या जुन्या सिस्टीममध्ये चालायचं आणि बॅशमध्ये चालत नाही. हा अ‍ॅलियस दिसला की बोटं डॉसवर तयार झालेली, असं म्हणावंसं वाटतं. अर्थात तोही कुठून तरी उचललेला असू शकतो!

आता परवानगी. डॉटफाइल्स जाहीर ठेवतात त्या इतरांनी बघाव्यात, उचलाव्यात म्हणूनच. मोजणं त्याहून कमीच झालं. मात्र ‘एक्स्पोर्ट’च्या (शेलमध्ये एखादं मूल्य ठरवून देणाऱ्या) ओळीत विसरून राहिलेलं टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) कुणी बघण्यासाठी ठेवलेलं नसतं. म्हणून त्या ओळींत ‘=’ या चिन्हापुढचं सगळं वाचतानाच गाळलं जातं, साठवलं जात नाही.

मूळ डेटा देणार नाही. यूजरनेम काढून भागत नाही. एखाद्या अ‍ॅलियसमध्ये ऑफिसच्या सर्व्हरचं नाव असतं, दुसऱ्यात घरच्या फोल्डरचं, आणि असे दोन-तीन विरळ अ‍ॅलियस एकत्र आले की माणूस ओळखता येतो. स्क्रिप्ट मात्र देतो. आधी स्वतःच्या फाइलीवर चालवा आणि वजाबाकीनंतर किती ओळी उरतात ते इथेच लिहा.