चिलखत

मोबाईलला कव्हर असावं, याबद्दल वाद नाही. किती असावं, हा वाद आहे. आमच्या चिरंजीवांनी माझ्यासाठी मागवलेल्या कव्हरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘मिल-एसटीडी-८१०’ असं छापलंय. हे अमेरिकी सैन्याचं मानक. त्यात वस्तू चार फुटांवरून २६ वेळा आपटतात: सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. कशावर, तर काँक्रीटवर अंथरलेल्या प्लायवूडवर! आमच्या चोपडा रस्त्यावर प्लायवूड अंथरलेलं मी तरी पाहिलं नाही. शिवाय या मानकाचं प्रमाणपत्र देणारं सरकारी खातं नाही. पेपर कंपनीनेच सोडवायचा, तपासायचाही तिनेच.

तर बसवणं. आत कडक प्लास्टिकचे दोन भाग, वरून जाड रबराचा अंगरखा. दोन भागांत फोन ठेवून चारी कोपरे ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबायचे. वरचा डावा टक झाला की खालचा उजवा वर येतो. तो दाबला की डाव्याला राग येतो. चौघांचं एकमत झालं, तेव्हा काचेवरच्या पारदर्शक पडद्याखाली एक केस दिसला. पांढरा, म्हणजे माझाच. पुन्हा उघडा. नखं हरली, मग सौभाग्यवतींनी चमच्याची दांडी आणून दिली, आणि ‘माझा चमचा वाकवू नका’ ही सूचनाही. केस निघाला, धुळीचा कण शिरला. एप्रिलात जळगावात धूळ काढायची म्हणजे कुठून कुठे काढायची? कण आत ठेवूनच रबर चढवलं.

आता बटणं अंगठ्याचं सगळं बळ लावल्याशिवाय दबत नाहीत. दाबायला पलीकडून आधार द्यावा, तर आधाराचं बोट दुसऱ्या बटणावर पडतं आणि स्क्रीनशॉट निघतो. माझ्या गॅलरीत सध्या नातवाचे फोटो कमी आणि बॅटरी किती उरली याच्या नोंदी जास्त. चार्जिंगच्या भोकावर रबरी झाकण आहे. ते उघडून धरायला एक हात, फोनला दुसरा, आणि पिन शेजाऱ्याने घालायची.

पट्ट्याला अडकवायची क्लिपही मिळाली. ती लावून मळ्यात गेलो, तर आप्पांनी दुरूनच विचारलं, “हाऊ मोबाईल शे का बॅटरी रे भो?” आप्पांचा स्वतःचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड. एकदा पाटात पडून वाहत निघाला होता. आप्पांनी उचलला, पिशवी झटकली आणि त्याच फोनवरून मोटार बंद झाली का ते विचारलं.

खरी गंमत मे महिन्याने केली. फोनवाले सांगतात, भोवतीची हवा ३५ अंशांपर्यंत असावी. आमच्याकडे तेवढं न्याहारी आटोपेपर्यंतच होतं, दुपारी पारा ४५ कडे सरकतो. त्यात प्लास्टिक आणि रबराची दुहेरी गोधडी! आतली ऊब बाहेर निघेना. बांधावर उभा राहून व्यापाऱ्याला केळीच्या घडांचे फोटो पाठवायला गेलो, तर आधी पडदा मंदावला, मग फोन तापल्याची सूचना आली आणि कॅमेरा बंदच झाला. तेव्हापासून रीत ठरली. घरात पंख्याखाली, गादीवर असताना फोन चिलखतात. मळ्यात, दगड-चिखल-पाट-केळीचा चीक, जिथे म्हणून तो पडू शकतो, तिथे उघडाबोडका. चिलखत तेवढा वेळ मोटारसायकलच्या डिक्कीत, चमच्यासकट. (चमचा आता तिथेच असतो. घरी विचारणा सुरू आहे.)

परवा विदगावच्या पुलाअलीकडे डिक्कीचं झाकण उघडलं आणि कव्हर भर वेगात रस्त्यावर पडलं. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचं चाक त्याच्यावरून गेलं. थांबून उचललं, पुसलं, चारी कोपरे तपासले.

एक ओरखडा नाही. खोक्यावर लिहिलेलं अक्षरशः खरं आहे. चमचा मात्र वाकला.