‘तुम्हाला फक्त गल्ला दिसतो’ : मालेगावच्या ताईंना उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री औषधाच्या दुकानाचं शटर ओढल्यावर वाचली. तेव्हाच उत्तर द्यायला बसलो असतो तर तावातावात काहीतरी लिहून गेलो असतो, म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अल्प्राझोलमसारख्या चिंतेवरच्या गोळ्यांचे नियम आणखी आवळले तर पहिला फटका खऱ्या पेशंटला बसतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ताई लिहितात की त्यांचा धाकटा भाऊ ‘कुत्ता गोळी’च्या (नशेसाठी विकल्या जाणाऱ्या याच अल्प्राझोलमच्या) नादाने कामातून गेला. पोलीस पोरं धरतात आणि ती आठवड्यात सुटतात, कायद्यात दमच नाही, ही गोळी सरसकट बंद करा. केमिस्ट मात्र असं म्हणणार नाहीत, कारण त्यांना फक्त गल्ला दिसतो. आणि शेवटी प्रश्न : ‘माझा भाऊ तुमच्या काउंटरवर आला असता तर तुम्ही गोळी दिली असती का?’

गल्ल्याचं आधी उरकतो. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमागे मला जे सुटतं त्यात धड दोन चहा येत नाहीत. तेवढ्यासाठी 1 मार्च 2014 पासून, म्हणजे शेड्यूल एच-वन (चिठ्ठीवरच द्यायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांची यादी) लागू झाल्यापासून, वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं : डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. हे सगळं तीन वर्षं जपायचं, ड्रग इन्स्पेक्टर मागेल तेव्हा पुढे करायचं. हा माल ठेवायलाच नको म्हणणारे दुकानदार माझ्या ओळखीत आहेत.

एक चूक मात्र कबूल. लेखात मी ‘चार उनाड पोरांपायी’ असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. डॉक्टरच्या सल्ल्याविना गुंगीची औषधं घेणारे देशात 1 कोटी 18 लाख असावेत, असा त्यातला अंदाज आहे. तुमच्या घरात त्यातला एक होता. ‘उनाड’ हा शब्द तुम्हाला कसा लागेल, हे लिहिताना माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

पण कायद्यात दम नाही, हे मला पटत नाही. अल्प्राझोलम एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. 100 ग्रॅमच्या वर माल सापडला की ती ‘व्यावसायिक मात्रा’ : किमान 10 वर्षं शिक्षा, आणि जामीन मिळणं महाकठीण. शिवाय वजन धरायचं ते नुसत्या औषधाचं की खडू-स्टार्चसकट सगळ्या मिश्रणाचं, या वादात सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये हिरा सिंग खटल्यात सगळ्या मिश्रणाचं असा निकाल दिला. आता हिशेब करा. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीचं वजन समजा 100 मिलिग्रॅम. हजाराच्या वर गोळ्या, म्हणजे शंभरेक स्ट्रिपांची एक पिशवी, झाली व्यावसायिक मात्रा. नुसतं औषध मोजलं असतं तर त्याला दोन लाख गोळ्या लागल्या असत्या. याहून कडक काय करायचं? तुमच्या गल्लीतली पोरं सुटतात, कारण त्यांच्या खिशात तीन-चार स्ट्रिपा असतात आणि 5 ग्रॅमच्या आतला माल ‘अल्प मात्रे’त जातो. पिशवीवाला मात्र त्या गल्लीत उभाच नसतो.

मला खुपतं ते इथे. कुठलीही स्ट्रिप उलटी करा, मागे बॅच नंबर छापलेला असतो. ती बॅच कंपनीने कुठल्या स्टॉकिस्टला दिली, त्याने पुढे कुणाला, याची बिलं असतात. पकडलेल्या स्ट्रिपांसोबत पोरांचे फोटो पेपरात येतात. त्या बॅचचा माग कुठवर गेला, हे छापून आलेलं मी क्वचितच वाचलंय. आवळायचंच असेल तर तिथे आवळा, माझ्यासकट सगळ्यांची बिलं तपासा.

आता ‘सरसकट बंद’. माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. पत्नी गेली तेव्हा डॉक्टरांनी रात्रीची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, ती बारा वर्षं चालूच. (हे मुळात व्हायलाच नको होतं. ही गोळी थोड्या आठवड्यांपुरती. ‘चालू ठेवा’ असं खरडून मोकळं होणाऱ्या डॉक्टरांवर वेगळा लेख लिहीन.) त्यांची चिठ्ठी घडीवर फाटलेली, मागून सेलोटेप लावलेली. एकदा मी नियमावर बोट ठेवलं : गुरुजी, चिठ्ठी जुनी झाली, नवी आणा. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याला. आपल्याकडे लाख माणसांमागे असा एक डॉक्टरही भरत नाही. आणि मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनी एनडीपीएसमधली औषधं फोनवर लिहून द्यायला मनाई केलेली, म्हणजे एसटीने जाणं आलंच. गुरुजी गेले नाहीत. चौथ्या दिवशी सून धावत आली. हात थरथरतायत, अंगाला घाम, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. अल्प्राझोलम अंगातून लवकर उतरतं, एकदम तोडलं तर आकडीसुद्धा येते. नशिबाने ते बचावले. माझं रजिस्टर त्या दिवशी अगदी चोख होतं.

हेच मोठ्या प्रमाणावर तेलंगणात झालं. तिथे ताडीत अल्प्राझोलम, डायझेपाम मिसळतात. 2015 मध्ये या भेसळीवर कारवाई झाली, ताडी एकदम आटली, आणि निजामाबाद भागात माणसं झटके, भास, थरथर घेऊन दवाखान्यांत भरती होऊ लागली. भेसळ थांबवायलाच हवी होती. पण सवय लागलेल्यांचं पुढे काय, ते कुणी आधी योजलं नव्हतं.

शिवाय एक दार लावलं की दुसरं उघडतं. न्यूयॉर्क राज्याने 1989 मध्ये अल्प्राझोलमच्या गटातल्या गोळ्यांना तीन प्रतींची सरकारी चिठ्ठी सक्तीची केली. वापर घटला खरा, पण मेप्रोबामेट आणि क्लोरल हायड्रेट ही जुनी, जास्त धोक्याची औषधं वाढली. आपल्याकडे 2014 च्या एच-वन यादीत अल्प्राझोलम होतं, त्याच गटातलं क्लोनाझेपाम नव्हतं. त्यानंतर माझ्या काउंटरवर क्लोनाझेपामच्या चिठ्ठ्या किती वाढल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुमचा शेवटचा प्रश्न. भाऊ चिठ्ठीशिवाय आला असता तर गोळी दिली नसती. चिठ्ठी घेऊन आला असता तर दिली असती. तारीख खरी की झेरॉक्सवर खाडाखोड करून बदललेली, हे मी शाई बघून ओळखायचा प्रयत्न करतो, आणि कितीदा फसलो असेन कोण जाणे.

तो अजूनही घेत असेल तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, डॉक्टरच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवा. आणि त्याच्या कपाटात एखादी रिकामी स्ट्रिप सापडली तर फेकू नका. मागचा बॅच नंबर लिहून ठेवा. तो घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात जायचं ठरवलंत तर कळवा, दुकान एक दिवस बंद ठेवून मी सोबत येतो.