शेवेचं पाकीट ‘भाजलेलं’ असतं का?

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: नमकीनच्या पाकिटाचं प्लास्टिक कारखान्यात उघड्या ज्योतीवर भाजतात. ते जळून विषारी होतं आणि शेवेच्या तेलात उतरतं. हा सगळा उद्योग स्वस्त शाई चिकटावी म्हणून चालतो. खात्री करायची तर पाकिटाला लायटर लावून वास घ्या. आणि शेवटी सल्ला: पाकीटबंद सोडा, सुटी शेव कागदात बांधून घ्या.

यातली एक गोष्ट खरी आहे. पाकिटाची काही फिल्म, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, खरंच ज्योतीतून जाते. पुढचं सगळं चूक आहे, आणि शेवटचा सल्ला तर घातक आहे. छपाईच्या फिल्मशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

‘प्लास्टिक भाजतात.’ अशा फिल्मचं प्लास्टिक, पॉलिप्रोपिलीन, साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि गॅसची ज्योत हजार अंशांच्या कितीतरी वर असते. फिल्मची जाडी असते जेमतेम २० मायक्रॉन. ती भाजली असती तर रोल गुंडाळायला उरलाच नसता. प्रत्यक्षात फिल्म आतून पाणी खेळवलेल्या थंड रोलरला चिकटून धावते. मिनिटाला ३०० मीटर वेग धरला तर सेकंदाला ५ मीटर होतात, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या ज्योतीखालून ती सेकंदाच्या शंभराव्या भागात निघून जाते. तेवढ्यात बदलतो तो फक्त वरचा काही नॅनोमीटरांचा थर. बर्नरला हवा गरजेपेक्षा किंचित जास्त देतात, त्यामुळे ज्योतीतला ऑक्सिजन त्या थराला जोडला जातो आणि त्यावर शाई धरते. यालाच ट्रीटमेंट म्हणतात. हवा कमी पडून ज्योत पिवळी झाली, तर ट्रीटमेंटच नीट बसत नाही.

‘स्वस्त शाईसाठी.’ उलट, कितीही महाग शाई आणा, कोऱ्या पॉलिप्रोपिलीनवर ती अळवावरच्या पाण्यासारखी गोळा होते. या प्लास्टिकची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला आपल्यावर पसरू देण्याची ताकद, ३० डाइनच्या (डाइन हे तिचं माप) आसपास असते आणि छपाईला साधारण ३८ किंवा त्याहून जास्त लागते. हा प्लास्टिकचा स्वभाव आहे, शाईच्या किमतीशी त्याचा संबंध नाही. लॅमिनेशनचा, म्हणजे दोन फिल्म एकमेकींना चिकटवण्याचा, गोंद आणि चकचकीत ॲल्युमिनियमचा थर यांनाही अशीच तयार केलेली बाजू लागते. शिवाय सगळीच फिल्म ज्योतीतून जात नाही. बरीचशी विजेच्या झोताखालून काढतात, त्याला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात. ट्रीटमेंट पुरेशी झाली का, ते मोजूनच रोल पुढे जातो: ठराविक डाइनचं द्रव फिल्मवर ओढायचं आणि दोन सेकंदांत ते फुटून त्याचे थेंब होतात का ते बघायचं. ट्रीटमेंट जास्त झाली तरी नुकसानच, पाकिटाचं सील धरत नाही आणि रोलमधले थर एकमेकांना चिकटतात. म्हणजे फिल्म ‘जाळण्यात’ कारखान्याचाही काही फायदा नाही.

‘शेवेत उतरतं.’ मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे वाक्य. नमकीनचं पाकीट बहुतेक दोन-तीन थरांचं असतं. छपाई बाहेरच्या थराच्या आतल्या अंगाला करतात, म्हणजे शाई दोन फिल्मच्या मध्ये बंद होते. ट्रीट केलेली बाजू शाईकडे आणि गोंदाकडे तोंड करून असते. शेवेला लागतो तो सर्वांत आतला, उष्णतेने सील होणारा थर, आणि त्या बाजूला ट्रीटमेंट मुद्दाम करत नाहीत. पाकिटातून अन्नात काय उतरू शकतं याला कायद्याची मर्यादा आहे: एक किलो अन्नामागे ६० मिलिग्रॅम, किंवा पाकिटाच्या एका चौरस डेसिमीटरमागे (१० सेंटिमीटर बाजूचा चौकोन) १० मिलिग्रॅम. छापील बाजू अन्नाला थेट लागता कामा नये, हेही अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत आहे. पाकिटांबद्दल खरी तक्रार करायचीच असेल, तर अशा बहुथरांच्या कचऱ्याचा पुनर्वापर जवळजवळ होत नाही, याची करा.

लायटरची परीक्षा निरर्थक आहे. ट्रीट केलेलं असो वा कोरं, पॉलिप्रोपिलीन जळलं की मेणासारखा वास येणारच. घरात ही परीक्षा करू नका. वितळलेला थेंब बोटावर पडला तर कातडीसकट निघतो.

आता तो सल्ला, ‘सुटी शेव कागदात घ्या.’ आपल्याकडे हा कागद म्हणजे बहुधा जुनं वर्तमानपत्र. त्यावरची शाई उघडी असते, खनिज तेलात कालवलेली असते आणि अन्नासाठी केलेली नसते. शेव तेलकट, पोहे-जिलेबी गरम, आणि तेल व उष्णता दोन्हींमुळे ती शाई लवकर सुटते. पाकिटाच्या न लागणाऱ्या बाजूला घाबरून आपण खरोखर लागणारी शाई ताटात घेतो. वर्तमानपत्रात अन्न बांधू नये, अशी सूचना प्राधिकरणाने २०१६ मध्येच दिली होती. २०१८ च्या नियमांत तर त्यावर बंदीच आहे. इंदूरच्या सराफ्यात किंवा छप्पनवर, या खाऊच्या बाजारांत, सुटं घ्यायचं असेल तर घरून स्टीलचा डबा न्या, आणि दुकानदाराने वर्तमानपत्र उचललं तर तिथेच नको म्हणा.